सेवाग्रामच्या बुनियादी शाळेचा नित्यक्रम व त्याचीं साधनें

सनदा, महजर, निवाडपत्रें, बखरी आणि शकावल्या जपून ठेवाव्या, ही जाणीव महाराष्ट्रांत राजवाडे व वासुदेवशास्त्री खरे यांच्या काळापासून चांगली रुजली आहे. परंतु त्याच दप्तरांत एखाद्या मुलानें गिरविलेला कित्ता किंवा पाढ्यांचें जीर्ण पान निघालें, तर संग्राहक तें बहुधा बाजूस टाकतो. त्यावर तारीख नसते, नामांकित पुरुषाचें नांव नसतें, आणि अशीं पानें घरोघर असणारच अशी समजूत असते. या समजुतीमुळेंच तीं घरोघर नाहींशीं झालीं. आपल्या पूर्वजांनीं राज्य कसें केलें हें आपणांस पुष्कळ तपशिलानें सांगतां येतें; त्यांचीं मुलें अक्षर व अंक कशीं शिकलीं हें सांगतांना मात्र आठवणी आणि ऐकीव गोष्टी यांवर भिस्त ठेवावी लागते.

हीच गत अलीकडच्या काळांतील एका प्रसिद्ध शाळेची होऊं नये, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे. ही शाळा म्हणजे वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्राम येथील बुनियादी शाळा. 'वर्धा शिक्षणयोजना', 'बुनियादी शिक्षण', 'नई तालीम' या नांवांखालीं तिच्याविषयीं लेखन विपुल झालें आहे. त्यांतील बराच भाग परिषदेचे ठराव, समितीचा अहवाल व पुढाऱ्यांचीं भाषणें यांवर आधारलेला आहे. योजना कशी होती हें त्यावरून कळतें. मुलांचा दिवस कसा जात होता, आणि योजनेनें जें वचन दिलें तें वर्गांत उतरलें कीं नाहीं, हें ठरविण्यास दुसरीं साधनें लागतात. तीं साधनें कोणतीं आणि तीं वाचावीं कशीं, याचा येथें विचार करावयाचा आहे. तत्पूर्वीं जुन्या शाळेचें स्वरूप पाहणें अवश्य आहे. कारण नवें काय होतें हें जुनें काय होतें यावरूनच कळेल.

१. पंतोजींची शाळा

नागपूरकर भोसल्यांच्या मुलखांत काय किंवा वऱ्हाडांत व देशावर काय, गांवची शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. ती देवळाच्या ओवरींत, एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा पंतोजींच्या घरींच भरे. आरंभ ओनाम्यानें. हा शब्द 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनापासून झाला आहे. त्याचा अर्थ मुलांस सांगितला जाई असें मात्र नाहीं. प्रथम धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचें, मग बोरूनें कित्ता, पुढें मोडी वाचन व पत्रांचे मायने. सर्वांत मोठा भाग पाढ्यांचा असे. पूर्णांकांचे पाढे संपले कीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन; संस्कृत 'अर्धचतुर्थ', प्राकृत 'अद्धुट्ठ', आणि त्यावरून मराठी 'औट'. संध्याकाळीं परवचा होऊन दिवस संपे.

वरच्या मुलांनीं खालच्यांस शिकवावें ही या शाळांची जुनी रीत. मद्रास येथें अँड्र्यू बेल यानें देशी शाळांतील वाळूवरचें अक्षरलेखन पाहून तें उचललें, मुलांकडून मुलांस शिकविण्याच्या रीतीशीं त्याची सांगड घातली, व १७९७ मध्यें त्यावर पुस्तक छापून ती पद्धति इंग्लंडांत प्रसिद्ध केली. आपल्याकडील धूळपाटी अशी सातासमुद्रांपलीकडे गेली, आणि येथें तिची गणना अडाणीपणांत होऊं लागली.

या शाळेचा गुण हा कीं, तेथें शिकविलेलें सर्व गांवच्या व्यवहारास लागे. पावकी-निमकी हें तोंडपाठ केलेलें शोभेचें ज्ञान नव्हतें. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर आणि शेराचे सोळा छटाक अशा मापांच्या जगांत तें पदोपदीं उपयोगी पडे. दोषही तितकेच उघड आहेत. छडीचा मार, अर्थाविना घोकणें, आणि शाळेच्या दारांतच होणारी निवड. मुली क्वचित्, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें मुळींच नाहींत. शिवाय शाळेंत हिशेब होता, पण ज्याचा हिशेब करावयाचा तें काम शाळेबाहेर होतें. हिशेब शिकलेला मुलगा पुढें दुसऱ्याच्या कापसाचा हिशेब लिही, आणि कापूस पिकविणारा त्याखालीं अंगठा उठवी.

२. सरकारी शाळा व फुल्यांचें म्हणणें

वर्धा जिल्हा १८६२ मध्यें नागपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला, आणि पालकवाडी या खेड्याच्या जागीं १८६६ मध्यें वर्धा शहर वसविण्यांत आलें. हिंगणघाट, आर्वी, पुलगांव हीं कापसाच्या व्यापाराचीं ठिकाणें. नव्या अमलाबरोबर सरकारी शाळा आली. तिच्याबरोबर छापील क्रमिक पुस्तक, हजेरीपट, तास मोजणारी घंटा व तपासणीस आले. दार पूर्वींपेक्षां रुंद झालें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु पंतोजींच्या शाळेचा गांवच्या व्यवहाराशीं जो धागा होता तो या शाळेंत तुटला, आणि शिकलेला मुलगा शेतावर परत जावयाचा नाहीं असा समज रूढ झाला.

याविरुद्ध महाराष्ट्रांतून स्पष्ट आवाज जोतीराव फुले यांनीं उठविला. १८८२ मध्यें हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शाळेसाठीं मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान आणि नीति व आरोग्य यांचे सोपे धडे इतकें सुचविलें; शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतून घ्यावे, नांगर धरण्याची ज्यांस लाज वाटत नाहीं असे असावे, असेंही सांगितलें. ५५ वर्षांनीं वर्ध्यास जें घडलें त्याचा विचार करतांना हें निवेदन सहसा आठवलें जात नाहीं. तें आठवलें पाहिजे.

३. वर्ध्याची परिषद

१९३४ पासून गांधीजींचें वास्तव्य वर्ध्यास होऊं लागलें. विनोबा १९२१ पासूनच तेथें होते. जमनालाल बजाज यांनीं १९२८ मध्यें तेथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांस खुलें केलें होतें. मगनवाडींत ग्रामोद्योग संघाचें काम चाललें होतें. १९३६ मध्यें गांधीजी वर्ध्याहून सुमारें ५ मैलांवरील शेगांव या खेड्यांत राहावयास गेले. या गांवची मालगुजारी बजाजांकडे होती, व वस्तींत हरिजनांचें प्रमाण मोठें होतें. वऱ्हाडांतील शेगांवाशीं टपालाचा घोटाळा होऊं लागल्यामुळें १९४० मध्यें या गांवास 'सेवाग्राम' हें नांव पडलें.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं, वर्ध्याच्या मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचें निमित्त साधून, राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली. मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर, मध्यप्रांताचे रविशंकर शुक्ल, आचार्य प्रफुल्लचंद्र राय, प्रा. के. टी. शाह, डॉ. झाकिर हुसेन, विनोबा इत्यादि मंडळी तेथें होती. परिषदेनें चार गोष्टी ठरविल्या : सात वर्षें मोफत व सक्तीचें शिक्षण, माध्यम मातृभाषा, शिक्षणाचा मध्यबिंदु एखादा उत्पादक हस्तोद्योग, आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नांतून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा ही अपेक्षा. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तींत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, सैयदैन, शाह आणि आर्यनायकम् दांपत्य होतें. डिसेंबरांत अहवाल आला, फेब्रुवारी १९३८ मध्यें हरिपुरा काँग्रेसनें योजना स्वीकारली, आणि एप्रिलांत हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. संघाचें ठाणें सेवाग्रामास राहिलें.

अहवालांतील दिनक्रम पाहण्यासारखा आहे. शाळा दिवसांत ५ तास ३० मिनिटें. त्यांपैकीं मूलोद्योगास ३ तास २० मिनिटें; संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटें; मातृभाषा ४० मिनिटें; समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटें; व्यायाम १० आणि सुटी १० मिनिटें. वर्षाचे कामाचे दिवस २८८. म्हणजे उद्योगाचे वर्षास ९६० तास होतात, आणि सात वर्षांत ६,७२० तास. एवढे तास हात चालत असतां बुद्धि स्वस्थ बसणार नाहीं, ती त्याच कामांतून शिकेल, असा योजनेचा विश्वास होता. गणितास वेगळा वेळ इतका थोडा दिला तो याच विश्वासावर. तो खरा ठरला कीं फोल, हाच या शाळेच्या इतिहासांतील मुख्य प्रश्न होय.

४. 'तालीम' व 'समवाय' हे दोन शब्द

'तालीम' हा अरबी शब्द; मूळ अर्थ शिकविणें. मराठींत तो आला तो आखाड्याच्या अर्थानें, आणि नाटक बसविण्याच्या अर्थानेंही. त्यामुळें मराठी कानास 'नई तालीम' म्हणतांच अंगमेहनत व सराव यांची आठवण होते, आणि ती अस्थानीं नाहीं.

दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा. उद्योगांतून विषय शिकविण्याच्या या रीतीस 'समवाय' हें नांव मिळालें. हा शब्द न्याय-वैशेषिकांचा आहे. तर्कसंग्रहाचा आरंभ केलेल्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतें कीं, संयोग आणि समवाय हे दोन संबंध भिन्न आहेत. मेज व त्यावरील पुस्तक यांचा संयोग. पुस्तक उचललें कीं संबंध संपला. समवाय हा अयुतसिद्धांचा, म्हणजे ज्यांस वेगळें करतां येत नाहीं अशांचा संबंध. योगायोगाची गोष्ट अशी कीं, शास्त्रांत याचें नेहमींचें उदाहरण सूत आणि वस्त्र हेंच आहे. तंतु हें पटाचें समवायी कारण. तंतूंचा परस्परसंयोग हें असमवायी. आणि धोटा, माग इत्यादि निमित्त कारण. ज्या शाळेंत सूत कातून वस्त्र विणलें जात होतें त्या शाळेच्या पद्धतीस हें नांव मिळावें, हें सार्थ म्हटलें पाहिजे.

परंतु नांवाबरोबर कसोटीही आली. उद्योग व विषय यांचा संबंध प्रत्येक पाठांत समवायाचा होता, कीं कित्येक ठिकाणीं तो नुसता संयोग होता? चरखा पुढें ठेवून त्याच्या चाकावरून पृथ्वीच्या भ्रमणाचा धडा दिला, तर चरखा काढून नारळ ठेवला असतां धड्याचें कांहींच बिघडत नाहीं. तो संयोग. उलट वर्धा जिल्ह्यांत कापसाच्या बोंडावरून अमेरिकेचा इतिहास शिकविला तर तो समवाय ठरूं शकेल. कारण १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धांत तिकडचा कापूस अडला, इकडचा भाव चढला, आणि १८६७ मध्यें नागपुरापर्यंत पोंचलेल्या आगगाडीनें वर्ध्याचा कापूस मुंबईस नेला. ज्या पऱ्हाटीच्या शेतांत मूल उभें आहे त्याचें नशीब त्या युद्धानें खरोखरच बदललें होतें.

५. सुताचा हिशेब

समवायाचें सर्वांत शुद्ध उदाहरण गणिताचें. मुलानें सरकी काढलेला कापूस पिंजावा, पेळू करावे, आरंभीं टकळीवर व पुढें चरख्यावर सूत काढावें, आणि तें फाळक्यावर गुंडाळून मोजावें. त्या काळचीं मापें अशीं : ४ फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, ४ लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. गुंडीची लांबी २,५६० फूट, म्हणजे सुमारें ८५३ वार.

येथें जुन्या पाढ्यांशीं असलेलें नातें ध्यानांत घेण्यासारखें आहे. गुंडीच्या चार लट्या म्हणजे रुपयाच्या चार पावल्या. गुंडीचा एक आणा म्हणजे ४० तार. निमकी ३२०, पाऊणकी ४८०, सवायकी ८००, दिडकी ९६०, अडीचकी १,६००, आणि औटकी २,२४०. पंतोजींच्या शाळेंत जें मूल छडीच्या धाकानें घोकीत असे, तेंच येथें स्वतःच्या हातच्या सुतावर मोजीत होतें. पंतोजींचें गणित नव्या शाळेंत जिवंत राहिलें, आणि त्यास पूर्वीं नव्हतें असें काम मिळालें.

सुताचा बारीकपणा अंकानें सांगतात. एका पौंडांत ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतील तो त्या सुताचा अंक. पौंड म्हणजे सुमारें ३९ तोळे. गुंडीची लांबी लडीपेक्षां थोडी अधिक असल्यामुळें ४० हा आंकडा हिशेबास सोयीचा पडतो. गुंडीचें वजन तोळ्यांत घ्यावें व ४० ला त्यानें भागावें, कीं अंक निघाला. चार तोळ्यांची गुंडी १० अंकाची, दोन तोळ्यांची २० अंकाची. आणि ४० तोळे म्हणजे अर्धा शेर. म्हणून १० अंकाच्या १० गुंड्या किंवा २० अंकाच्या २० गुंड्या तागडींत अर्धा शेर भरतात. हा व्यस्त प्रमाणाचा धडा आहे. सूत बारीक झालें कीं वजन घटतें व अंक चढतो, हें मुलाच्या बोटांस आधीं कळतें आणि पाटीवर मागाहून येतें. मोजल्यावांचून गुंडी होत नाहीं, आणि गुंडीवांचून त्या मोजणीस अर्थ नाहीं. नैयायिकानेंही यास समवायच म्हटलें असतें.

६. सहजीवन

शाळा केवळ सुतावर चालत नव्हती. आर्यनायकम् हे सिलोनचे, व आशादेवी बंगाली. दोघेंही रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनांतून आलेलीं. १९२४ मध्यें सुरू झालेल्या शिक्षासत्राचा प्रयोग त्या परिसरांतलाच. त्यामुळें सेवाग्रामच्या शाळेंत गाणें, उत्सव व चित्रकला यांस स्थान राहिलें. १९४४ मध्यें शांतिनिकेतनचेच देवीप्रसाद कलाशिक्षक म्हणून आले, आणि मुलांच्या चित्रांस तेथें आदर मिळाला. शांता नारुलकर यांनीं लहान मुलांचा पूर्वबुनियादी वर्ग सांभाळला. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर शिक्षणाची व्याप्ति सात वर्षांपुरती न ठेवतां बाळपणापासून प्रौढपणापर्यंत मानण्यांत आली. १९४९ पासून दहा वर्षें मार्जोरी साइक्स यांनीं तेथें काम केलें, व पुढें या शाळेची हकीकत पुस्तकरूपानें लिहिली.

दिवसाचा आरंभ सफाई व प्रार्थना यांनीं होई. सफाईंत संडासांची सफाई आली, व त्या मैल्याचें सोनखत करून तें शेतास देणें आलें. याचें महत्त्व केवळ आरोग्याचें नव्हे. जें काम जन्मावरून एका जातीच्या माथीं मारलें होतें तें सर्व जातींच्या मुलांनीं पाळीपाळीनें करावें, आणि मग एका पंक्तीस बसून जेवावें, यांत पंतोजींच्या शाळेचें दार खऱ्या अर्थानें मोडलें. पाठ्यक्रमांत धर्मशिक्षणाचा वेगळा विषय ठेवला नव्हता. पण या पंक्तींत आणि या पाळींत जें शिकविलें जात होतें त्यास दुसरें नांव देणें कठीण आहे.

स्वयंपाकघर हा दुसरा वर्ग. किती माणसें जेवणार, ज्वारी-डाळ किती शेर, भाजी वाडींतून किती निघाली, दर माणशीं खर्च किती पडला, हें मुलांनीं लिहावें. येथेंही त्रैराशिक पुस्तकांतून येत नाहीं. चुकलें तर कोणी उपाशी राहतो किंवा अन्न वायां जातें. आहाराचा विचार त्यास लागूनच येई.

तिसरा वर्ग म्हणजे मुलांची सभा. मुलें आपल्यांतून मंत्री निवडीत. कोणाकडे सफाई, कोणाकडे भोजन, कोणाकडे आरोग्य, कोणाकडे खेळ. मुदत संपली कीं मंत्र्यानें सभेपुढें कामाचा अहवाल वाचावा, व इतरांनीं प्रश्न विचारावे. गांवांत ज्याच्या आजोबांस चावडीवर बसण्याची सोय नव्हती, त्याच्या नातवास येथें सभेंत हिशेब मागण्याचा अधिकार होता.

७. आक्षेप व उतार

योजनेवर आक्षेप आरंभापासून होते, आणि ते हलके नव्हते. प्रा. शाह यांनीं परिषदेंतच स्वावलंबनाच्या कलमास विरोध केला. मुलांच्या श्रमावर शाळा चालवावयाची तर शाळेचा कारखाना होईल, आणि मुलांचा माल कारागिराच्या मालाशीं स्पर्धा करील, असें त्यांचें म्हणणें. मध्यप्रांतांत शुक्लांनीं काढलेल्या शाळांस 'विद्यामंदिर' हें नांव दिल्यामुळें मुसलमान समाजांत नाराजी झाली, आणि १९३८ च्या पीरपूर अहवालांत तिचा उल्लेख आला. आईबापांचा आक्षेप साधा होता : घरीं काम आहेच, शाळेंत मुलगा वाचावयास पाठविला. पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेल्या माणसाच्या तोंडीं हा आक्षेप वजनदार आहे. फुल्यांनीं शेतीचें ज्ञान मागितलें तें वाचन-लेखन व हिशेब यांच्या जोडीनें, हेंही येथें लक्षांत घ्यावें.

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शिक्षण सरकारी धोरण झालें. पुष्कळ शाळांच्या पाट्या बदलल्या, आंतील शिक्षण तेंच राहिलें. १९५६ मध्यें वर्धा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यांत, व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. १९५९ मध्यें तालीमी संघ सर्व सेवा संघांत विलीन झाला. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें 'कार्यानुभव' हा शब्द पुढें आणला, आणि 'बुनियादी' हा शब्द मागें पडला. सेवाग्रामची शाळा पुढें बंद पडली. २००५ पासून तेथें 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हां चालूं झाली आहे. तिचा विचार स्वतंत्रपणें व्हावा.

८. साधनें : कोणतीं व कशीं जपावीं

वरील कसोटी लावावयाची तर अहवाल पुरे पडत नाहींत, कारण अहवालांत प्रत्येक पाठ समवायाचाच असतो. खरी साक्ष वह्यांची. सुताच्या वह्या, मुलांच्या रोजनिश्या, शिक्षकांचीं पाठटिपणें, भोजनाचे हिशेब, सभेचीं इतिवृत्तें, चित्रें व छायाचित्रें, हे या शाळेचे अस्सल कागद. सेवाग्रामास शिकलेलीं मुलें वर्धा, यवतमाळ, नागपूर व दूरच्या प्रांतांत पांगलीं. येथें शिकून गेलेले शिक्षक बिहार, ओरिसा, मद्रासपर्यंत गेले. त्यांच्या घरच्या ट्रंका हींच आतां दप्तरखानीं.

वाचण्याची रीत सोपी आहे. एकाच मुलाची सुताची वही व गणिताची वही शेजारीं ठेवावी आणि तारखा जुळवाव्या. गणितांतील आंकडे त्या दिवसाच्या सुताचे असतील तर समवाय घडला. सुताच्या वहींत तारांची संख्या आणि गणिताच्या वहींत छापील पुस्तकांतील हौदाचे नळ असतील, तर दोन कामें शेजारीं-शेजारीं चाललीं होतीं, इतकेंच सिद्ध होईल. सभेच्या इतिवृत्तांत प्रश्न विचारणारांचीं नांवें पाहावीं. एकाच घराण्यांतलीं किंवा एकाच आळींतलीं मुलें बोलत असतील तर तेंही सत्य आहे, आणि तें लिहिलें पाहिजे. अशा शंभर वह्या मिळाल्या, तर ८० वर्षांहून अधिक चाललेला वाद मतांवरून उठून पुराव्यावर येईल.

जपणुकीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. हे कागद मोडी कागदांइतके जुने नाहींत, म्हणून ते टिकाऊ आहेत असें समजूं नये. पेशवाईंतील हातकागद दोनशें वर्षें टिकला. युद्धकाळांतील हलका गिरणी कागद हात लावतां तुटतो. ज्या वहींत चार पानें लिहिलेलीं व बाकीचीं कोरीं आहेत, तिचीं कोरीं पानें फाडूं नयेत. मुलाची शाळा कोठें सुटली हें तीं पानें सांगतात. एका घरांत मिळालेल्या वह्या वेगळ्या करूं नयेत. वही कोणाच्या घरीं, कोणत्या गांवीं, कोणत्या इतर कागदांत मिळाली याची टीप त्याच दिवशीं लिहावी. हयात व्यक्तींच्या खासगी गोष्टी प्रसिद्ध करण्यापूर्वीं त्यांची किंवा घरच्यांची अनुमति घ्यावी.

मापांचाही कोश लागलीच करून ठेवला पाहिजे. १९५७ मध्यें दशमान नाणीं आलीं, पाठोपाठ मेट्रिक वजनें आलीं, आणि गुंडी १,००० मीटरांची झाली. पावकी-औटकी शाळेंतून गेली. ज्याप्रमाणें मोडी न येणारास पेशवे दप्तर मुकें, त्याचप्रमाणें तार, लटी, तोळा, छटाक न जाणणारास या वह्या मुक्या होतील. हीं मापें ज्यांनीं स्वतः हातानें मोजलीं, अशीं माणसें आज ऐंशीच्या पुढें गेलीं आहेत. त्यांच्याकडून एकेका शब्दाचा अर्थ लिहून घेणें हें काम पुढच्या पिढीवर टाकतां येण्यासारखें नाहीं.

पंतोजींच्या शाळेचे कित्ते आपल्या आधींच्या पिढ्यांनीं धान्याच्या पुड्या बांधण्यांत घालविले. सेवाग्रामच्या वह्या अजून कोठें कोठें ट्रंकांत आहेत. ज्या संग्राहकांस त्या आढळतील त्यांनीं त्या सनदांच्या शेजारीं ठेवाव्या, एवढी विनंति आहे.